रात्रीचे पाणी, दुपारची वीज

शेतीपंपांना रात्री वीज देण्याची पद्धत शेतकऱ्याला छळण्यासाठी कोणी शोधून काढली नव्हती. तिच्यामागे एक रोकडा हिशेब होता. कोळशावरचे वीजकेंद्र रोज रात्री बंद करून सकाळी पुन्हा चालू करता येत नाही. बॉयलर थंड झाला की तो तापवायला तास न् तास जातात, तेल जळते ते वेगळेच. शहरे झोपली, कारखान्यांतली दुसरी पाळी सुटली की विजेला गिऱ्हाईक उरत नसे. ते गिऱ्हाईक म्हणून शेतकऱ्याला उभे करण्यात आले. काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास असे थ्री फेजचे वेळापत्रक लागले आणि रावेर-यावलच्या केळीत, भुसावळ-मुक्ताईनगरच्या हरभऱ्यात माणसे हातात बॅटरी घेऊन मध्यरात्री पाणी भरायला जाऊ लागली. साप, विंचू, बिबट्या, उघड्या डीपीचा झटका यांची किंमत वीजदराच्या कोणत्याही आदेशात धरलेली नसते.

तो हिशेब आता उलटला आहे. मे महिन्याच्या दुपारी, खानदेशात रस्त्यावरचे डांबर मऊ होते त्या वेळी, देशाच्या वीजबाजारात विजेचा भाव घसरलेला असतो. आणि रात्री आठला तोच भाव नियामक आयोगाने घालून दिलेल्या कमाल मर्यादेला, म्हणजे युनिटला 10 रुपयांना, जाऊन टेकतो. 2025 च्या मे महिन्यात एका रविवारी तर ऐन वेळच्या सौद्यांत दुपारची वीज शून्य भावाने गेली. सौर पॅनेल वाढले, पण दुपारी वीज वापरणारे त्या वेगाने वाढले नाहीत. म्हणजे पुन्हा गिऱ्हाईक शोधण्याची वेळ आली, फक्त घड्याळाचा काटा मध्यरात्रीच्या बारावरून दुपारच्या बारावर आला. ज्या शेतीपंपाकडे वीजखात्याच्या तोट्याचे कारण म्हणून वर्षानुवर्षे बोट दाखवले गेले, तोच पंप आज अक्षय ऊर्जेला सामावून घेणारा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा आधार होऊ शकतो. माझे म्हणणे एवढेच आहे, आणि पुढील पानांतले सगळे तांत्रिक लेख या एका गोष्टीच्या उजेडात वाचावेत अशी विनंती आहे.

विषयाचे रीतसर नाव जड आहे: सामायिक वीजबाजारात अक्षय ऊर्जेचे एकात्मीकरण. असे नाव वाचले की सामान्य वाचक पान उलटतो आणि ते योग्यच करतो. पण हा विषय दिल्लीतल्या समित्यांचा आहे असे ज्याला वाटते त्याने भुसावळजवळच्या वरणगावच्या बसस्थानकापासून दहा-पंधरा किलोमीटरचे वर्तुळ काढून पाहावे. गावाला लागून आयुध निर्माणी आहे. चीनच्या युद्धानंतर, 1964 मध्ये तिची पायाभरणी झाली आणि बंदुकीच्या काडतुसांसाठी ती ओळखली जाते. जवळच तापीवर 41 दरवाजांचे हतनूर धरण. भुसावळच्या वाटेवर दीपनगरचे औष्णिक केंद्र, त्याच्या चिमण्या कुठूनही दिसतात. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून तिथे 210 मेगावॉटचे संच आले, मग 500 मेगावॉटचे दोन, आणि आता 660 मेगावॉटचा नवा संच. केंद्राला पाणी हतनूरचे, कोळसा रेल्वेने आलेला. पलीकडे खडक्याचे 400 केव्ही उपकेंद्र. आणि भुसावळ जंक्शन, जिथली रेल्वे स्वतःच विजेची घाऊक खरेदीदार आहे.

या शेवटच्या गोष्टीपाशी जरा थांबले पाहिजे. 2015 च्या अखेरीस मध्य रेल्वेने महाराष्ट्रातल्या आपल्या गाड्यांसाठी महावितरणकडून वीज घेण्याऐवजी दाभोळच्या रत्नागिरी गॅस प्रकल्पातून थेट वीज घ्यायला सुरुवात केली. दाभोळ म्हणजे तेच, ज्याने एन्रॉनच्या नावाने नव्वदच्या दशकात राज्य ढवळून काढले आणि ज्याची महागडी वीज परवडेना म्हणून 2001 मध्ये वीज मंडळाने करार मोडला. तेव्हा भुसावळच्या फलाटावरून सुटणारी गाडी दीपनगरच्या चिमण्यांसमोरून धावताना कागदोपत्री कोकणातली वीज खाऊ लागली. तारांमधून येणारे इलेक्ट्रॉन कुठले, हे कोणी सांगू शकत नाही. बहुधा ते जवळच्याच केंद्रातून येणार. बदलला तो हिशेब. सामायिक बाजार समजून घ्यायला यापेक्षा सोपे उदाहरण मला माहीत नाही: वीज एकाच तळ्यात पडते, एकाच तळ्यातून निघते, आणि कोणी किती टाकली, कोणी किती काढली याची वही पंधरा-पंधरा मिनिटांनी लिहिली जाते.

भाव कसा ठरतो? खानदेशी वाचकाला हे केळीवरून चटकन कळेल. रावेरच्या शेतकऱ्याच्या केळीचा भाव रावेरमध्ये ठरत नाही. सरहद्दीपलीकडे मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरच्या बाजारात जो बोलला जातो, त्याकडे सगळा तालुका कान लावून बसलेला असतो. घड कापला की तो ठेवता येत नाही, चार दिवसांत गेला पाहिजे. विजेला चार दिवसही नाहीत, क्षणाचीही सवड नाही. बनली त्याच क्षणी खपली पाहिजे. म्हणून वीजबाजारात माल नसून वेळ विकली जाते. उद्याच्या दिवसाचे 96 तुकडे पाडलेले असतात, प्रत्येक पंधरा मिनिटांचा, आणि प्रत्येक तुकड्यासाठी विकणारे आणि घेणारे आदल्या दिवशी बोली लावतात. स्वस्त बोलीपासून वर चढत जायचे, मागणी पुरी होईल तिथे थांबायचे, आणि त्या शेवटच्या बोलीचा भाव सगळ्यांना लागू. सौर आणि पवन यांना इंधनाचा खर्च नाही, म्हणून ते रांगेत पुढे उभे राहतात आणि मागच्या महागड्या कोळशाला बाहेर ढकलतात. दुपारी भाव पडतो तो यामुळे.

आपल्याकडे असा खुला सौदा सुरू झाला जून 2008 मध्ये, इंडियन एनर्जी एक्स्चेंजपासून. त्याच वर्षी दुसरा बाजार आला, पुढे 2022 मध्ये तिसरा. 1 जून 2020 पासून ऐन वेळचा सौदा आला, म्हणजे तासाभराने लागणारी वीज आत्ता घेता येते. ढग आले, वारा पडला तर धावपळ करायला ही सोय मोठी आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हरित विजेचा वेगळा कट्टा उघडला. नेपाळ 2021 पासून पावसाळ्यातली आपली जलवीज याच बाजारात आणतो. तिन्ही बाजारांतल्या बोली एकत्र करून एकच भाव काढण्याचा निर्णय केंद्रीय आयोगाने जुलै 2025 मध्ये दिला. एवढे सगळे असले तरी देशातल्या एकूण विजेपैकी दहा टक्केसुद्धा या बाजारांतून जात नाही. बाकीची पंचवीस-पंचवीस वर्षांच्या करारांत बांधलेली आहे. तरीही छोट्या बाजाराचा भाव मोठ्या व्यवहाराला दिशा देतो. बऱ्हाणपूरचे तेच आहे.

युरोपात हा प्रयोग आधी झाला. नॉर्वे आणि स्वीडन यांनी 1996 मध्ये सामायिक बाजार उभा केला. डेन्मार्कमध्ये वारा सुटला की तिथली वीज समुद्राखालच्या तारांनी नॉर्वेत जाते आणि नॉर्वे आपल्या धरणांतले पाणी राखून ठेवतो. वारा पडला की तेच पाणी वीज होऊन डेन्मार्कला जाते. दोन देश, दोन स्वभावांची साधने, मध्ये एक बाजार. त्यांच्या सुदैवाने डोंगर, पाणी आणि पैसा भरपूर आहे. आपल्याकडे हे काम कोणी करायचे?

त्याआधी तारांची गोष्ट. भारतात पूर्वी पाच वेगवेगळ्या वीजजाळ्या होत्या. प्रत्येकीची चाल वेगळी, आणि चालीचा नेम नाही. वीजजाळीचे आरोग्य एका आकड्यात कळते, 50 हर्ट्झ. मागणी वाढून पुरवठा कमी पडला की तो आकडा खाली घसरतो, पुरवठा जास्त झाला की वर चढतो. जो ठरल्यापेक्षा जास्त ओढेल त्याला दंड, जो अडचणीच्या वेळी जास्त देईल त्याला मोबदला, ही पद्धत देशात प्रथम लागू झाली ती आपल्या पश्चिम विभागात, जुलै 2002 मध्ये. याचा अभिमान महाराष्ट्रात कोणी मिरवत नाही. मिरवायला हरकत नाही. पुढे 2003 चा वीज कायदा आला, 2005 च्या जूनमध्ये वीज मंडळाचे तुकडे होऊन महानिर्मिती, महापारेषण, महावितरण झाल्या, 2006 मध्ये उत्तर विभाग पश्चिमेला जोडला गेला, आणि 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिण जोडली गेली. त्या रात्रीपासून काश्मीर ते कन्याकुमारी एकच जाळी, एकच ठोका.

जोडणीचा फायदा सांगणारे पुष्कळ भेटतात. तोटा 30 आणि 31 जुलै 2012 रोजी दिसला. ती घटना नीट समजून घेतली तर अर्धा विषय समजला. त्या जुलैत पश्चिमेत पाऊस होता, पंप बंद, मागणी कमी. उत्तरेत पावसाने ओढ दिली होती, भातासाठी पंजाब-हरियाणातले पंप अहोरात्र चालू. पश्चिमेची शिल्लक वीज उत्तरेकडे धावली आणि बिना-ग्वाल्हेर या एका वाहिनीवर सगळा भार आला, कारण शेजारच्या वाहिनीचे काम चालू होते. बिना हे नाव भुसावळकरांना रेल्वेमुळे पाठ आहे. त्या दिवशी देशालाही कळले. वाहिनी तुटली, उत्तर अंधारात गेली, दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्यही. साठ कोटींहून अधिक लोकांची वीज गेली. आपला पश्चिम विभाग वाचला. पण भांडण कशाचे होते ते पाहा: एका भागात नको असलेली वीज, दुसऱ्या भागात हवी असलेली वीज, आणि दोघांच्या मध्ये पुरेशी तार नाही, शिस्त नाही. अक्षय ऊर्जेचे नेमके हेच आहे, फक्त शंभर पटीने. राजस्थानात ऊन आहे, कच्छच्या खावड्यात ऊन-वारा दोन्ही आहे, गिऱ्हाईक मुंबई-पुण्यात आहे. मधल्या तारा उभ्या राहायला पॅनेलपेक्षा जास्त वर्षे लागतात. धुळ्याजवळच्या 765 केव्हीच्या उपकेंद्राकडे याच नजरेने पाहावे. औरंगाबादकडून येणारी आणि बडोद्याकडे जाणारी महावाहिनी तिथे मिळते. खानदेश हा पूर्वीपासून वाटेवरचा मुलुख. सुरतेचा व्यापारी रस्ता गेला, रेल्वे गेली, महामार्ग गेला, आता वीजही.

वाटेवरचा असला तरी हा मुलुख नुसता पाहुणा नाही. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग आहे, क्षमता 500 मेगावॉटहून अधिक. त्याच तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प 2013 मध्ये सुरू झाला, जर्मन विकास बँकेच्या कर्जातून. त्या वेळी तो देशातल्या मोठ्या प्रकल्पांत गणला जाई. वारा आणि ऊन यांचे खानदेशात चांगले जमते. जून ते ऑगस्ट घाटमाथ्यावरून वारा सुटतो तेव्हा आभाळ भरलेले असते, पॅनेल सुस्त असतात. दिवाळीनंतर वारा मंदावतो तेव्हा ऊन स्वच्छ. पण पावसाळ्यात आपल्याकडे पंप बंद असतात, म्हणजे पवनाची वीज हवी कोणाला? दिल्लीला. जुलैच्या दमट उकाड्यात उत्तरेतले एसी रात्रभर चालतात. साक्रीचा वारा दिल्लीत विकायचा आणि एप्रिलमध्ये आपल्याला कमी पडेल तेव्हा हिमालयातल्या वितळत्या बर्फाची वीज आणायची, यालाच सामायिक बाजार म्हणतात.

इथे एक कटू गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. साक्रीतल्या पवनचक्क्या ज्या डोंगरांवर उभ्या राहिल्या तिथल्या वनजमिनी कसणाऱ्या आदिवासींनी हक्कासाठी आंदोलने केली. दोंडाईचाजवळ विखरण परिसरात वीज प्रकल्पासाठी जमिनी घेतल्या गेल्या. प्रकल्प औष्णिकचा सौर झाला, मोबदल्याचा वाद मात्र तसाच राहिला. जानेवारी 2018 मध्ये तिथल्या एका वृद्ध शेतकऱ्याने न्याय मागत मंत्रालयात विष घेतले आणि काही दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या शेतातून कोळशाचा धूर निघणार होता की स्वच्छ सौर वीज, याने त्यांना काय फरक पडला असता? ऊर्जा अक्षय असली म्हणजे तिचा व्यवहार आपोआप न्याय्य होत नाही. सौर प्रकल्पांवर कौतुकाने लिहिणाऱ्यांनी विखरण हे नाव टाळू नये.

आता पुन्हा दीपनगर. दुपारी सूर्याने बाजार भरला की कोळशाच्या संचांना मागे सरावे लागते, आणि सूर्य कलला की दोन-तीन तासांत पुन्हा पूर्ण जोमाने उभे राहावे लागते. पूर्वी असे संच 70 टक्क्यांच्या खाली नेणे धोक्याचे मानले जाई. मग 55 टक्क्यांची मर्यादा आली, आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या नियमांनी टप्प्याटप्प्याने 40 टक्क्यांपर्यंत उतरायला सांगितले. कागदावर हा एक आकडा आहे. प्रत्यक्षात बॉयलरच्या नळ्या रोज तापतात-निवतात, धातू थकतो, कोळशाची ज्योत कमी भारावर स्थिर राहत नाही म्हणून तेल ओतावे लागते, युनिटमागे कोळसा जास्त लागतो. ज्या कामगारांनी संच सलग शंभर दिवस न थांबता चालवला म्हणून पाठ थोपटून घेतली, त्यांना आता रोज दुपारी वेग कमी आणि संध्याकाळी जास्त करण्याची कला शिकायची आहे. जुने 210 मेगावॉटचे संच महाग पडतात म्हणून कोणत्या संचाने किती वीज द्यायची हे ठरवणाऱ्या कळव्याच्या भार प्रेषण केंद्राच्या यादीत ते खाली असतात आणि बरेचदा नुसते उभे राहतात. माझ्या मते दीपनगरचे पुढचे काम युनिटे मोजण्याचे नाही, संध्याकाळ सांभाळण्याचे आहे; आणि तसे असेल तर त्याचे पैसेही संध्याकाळ सांभाळण्याबद्दल मिळाले पाहिजेत. आजचे दर अजून बहुतांशी युनिटांवर बेतलेले आहेत.

संध्याकाळ सांभाळायला महाराष्ट्राकडे आणखी एक साधन आहे, पाणी. कोयना सुमारे 1,960 मेगावॉटची, आणि बटण दाबल्यावर काही मिनिटांत चालू होणारी. भंडारदऱ्याजवळच्या घाटघरला 2008 पासून 250 मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे: स्वस्त विजेच्या वेळी खालचे पाणी वर चढवायचे, महागाच्या वेळी सोडायचे. पाण्याची ही तत्परता देशाने 5 एप्रिल 2020 रोजी पाहिली. कोरोनाच्या त्या रात्री नऊला पंतप्रधानांच्या आवाहनावरून घराघरांत नऊ मिनिटे दिवे मालवले गेले. महाराष्ट्राच्या तेव्हाच्या ऊर्जामंत्र्यांनी सगळे दिवे एकदम बंद करू नका, जाळी कोसळेल, असे सांगून पाहिले. मागणी सुमारे 31 हजार मेगावॉटने घसरली आणि काही मिनिटांत परत वर आली. जलविद्युत केंद्रांनी तो झोका झेलला, जाळी हलली नाही. पण कोयनेच्या पाण्यावर कृष्णा लवादाची मर्यादा आहे, सांगलीची तहान आहे. तिला रोजची हमाली लावता येणार नाही. बॅटऱ्या स्वस्त होत आहेत, उदंचनाचे करार होत आहेत. तोवर काय?

तोवर पंप. या संग्रहातला सगळ्यात लांब भाग शेतीवाहिन्यांवर आहे तो म्हणूनच. राज्याने गावठाण आणि शेती यांच्या वाहिन्या आधीच वेगळ्या केल्या होत्या. भारनियमनाच्या काळात घरात सिंगल फेज राहावी म्हणून केलेली ती सोय आज अनपेक्षित कामाला आली. शेतीचा फीडर स्वतंत्र असेल तर त्याच्या उपकेंद्राशेजारीच सौर प्रकल्प उभारून त्या फीडरला फक्त दिवसा वीज देता येते. पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटाने ही कल्पना चिकाटीने मांडली. एन्रॉनच्या कराराची आकडेमोड लोकांसमोर आणणारी हीच संस्था. 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, राळेगणसिद्धीपासून सुरुवात झाली, आणि 2023 मध्ये तिची मोठी दुसरी आवृत्ती. युनिटला तीन रुपयांच्या आसपास मिळणारी ही वीज, दूरच्या केंद्रातून आणून, तारांतली गळती सोसून शेतापर्यंत पोचवलेल्या विजेच्या निम्म्याहूनही स्वस्त पडते. राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतचे सुमारे 44 लाख पंप 2024 पासून मोफत विजेच्या योजनेत आहेत. फुकट द्यायचीच असेल तर स्वस्त वीज द्यावी, हा शहाणपणा आहे. शिवाय एवढे पंप रात्रीतून दुपारात सरकले की तेवढी दुपारची सौर वीज जागच्या जागी खपते; बॅटरी नको, लांबची तार नको.

इथे एक मतभेद नोंदवतो. सरकार एकीकडे सौर वाहिन्या उभारते आणि दुसरीकडे मागेल त्याला स्वतंत्र सौर पंप देते. शेतकऱ्याला स्वतःचा पंप आवडतो, आणि का आवडू नये? वायरमनच्या मागे फिरायला नको, डीपी जळाली म्हणून वर्गणी काढायला नको, बिल नाही. जळगावच्या जैन इरिगेशनसारख्या कंपनीने ठिबक आणि सौर पंप दारात आणले ते या मुलुखाच्या भल्याचेच झाले. पण सुटा सौर पंप जाळीला जोडलेला नसतो. विहिरीला पाणी नाही, पाऊस पडतो आहे, पीक निघाले आहे, तेव्हा पॅनेलवर पडलेले ऊन वाया जाते. वाहिनीवरच्या प्रकल्पाची शिल्लक वीज भुसावळच्या दुकानात, आयुध निर्माणीत, हवी तर दिल्लीत जाऊ शकते. सुटा पंप शेतकऱ्याची सोय करतो, सामायिक बाजारात मात्र त्याला जागा नाही. जिथे तार पोचलेलीच नाही अशा सातपुड्याच्या पायथ्याला तो द्यावा. जिथे फीडर आहे तिथे वाहिनीच सौर करावी, असे मला वाटते.

आणि एक भीती. रावेर आणि यावल तालुके भूजलाच्या सरकारी नोंदीत अतिशोषित आहेत. रात्रीची वीज त्रासाची होती, म्हणून उपशाला आपोआप आळा बसे. दिवसाची, खात्रीची आणि फुकटची वीज आली की विहिरी आणि कूपनलिका अधिक जोराने उपसल्या जातील, हे गृहीत धरावे लागेल. वरणगाव-तळवेल उपसा सिंचनासारख्या योजना वर्षानुवर्षे रखडल्या आहेत. तापीचे पाणी हतनूरच्या दरवाजांतून गुजरातेत जाते आणि खालचे भूजल आटते. विजेचा प्रश्न सोडवताना पाण्याचा प्रश्न वाढवून ठेवू नये. दुपारी तापीचे पाणी उपसून साठवण्यात स्वस्त वीज खर्ची पडावी, ती खोलवरच्या पाण्यावर उडवू नये, हे धोरण अजून कोणी स्पष्टपणे लिहिलेले नाही.

घरगुती ग्राहकाचा या सगळ्यात वाटा आहे की नाही? आहे. कारखान्यांना पूर्वी रात्री दहा ते सकाळी सहा वापरलेल्या विजेवर युनिटला दीड रुपया सवलत मिळे; आता सवलत दिवसाच्या सौर तासांकडे सरकली आहे. घरात नवे मीटर बसलेल्यांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेत स्वस्त वीज देण्याची पद्धत 2025 मध्ये सुरू झाली. ज्यांच्या घरी दुपारी कोणी नसते त्यांना तिचा काय उपयोग, हा आक्षेप खरा आहे. खानदेशात मात्र दुपारी माणसे उन्हामुळे घरातच असतात आणि कूलर चालू असतो. पाण्याची टाकी दुपारी भरणे, पिठाची गिरणी दुपारी चालवणे, केळी पिकवण्याच्या शीतगृहांनी भर उन्हात गारवा साठवून घेणे, हे करता येण्यासारखे आहे.

पुढील लेख क्रमाने वाचलेच पाहिजेत असे नाही. आकड्यांचा कंटाळा असणाऱ्यांनी वाहिन्यांचा भाग आधी वाचावा, अभियंत्यांनी कोळशाच्या संचांचा. वाचताना स्वतःचे वीजबिल जवळ ठेवावे आणि त्यात वेळेनुसार दराची ओळ आहे का ते पाहावे. आणि गावात सौर प्रकल्पासाठी गायरान मागायला कोणी आले, तर ग्रामसभेत तीन प्रश्न विचारल्याशिवाय हात वर करू नका: या वाहिनीवर कोणाकोणाचे पंप आहेत, ते कोणत्या तासांत चालणार, आणि पावसाळ्यात उरलेली वीज विकली गेली तर तिचे पैसे कोणाच्या खात्यावर जाणार.